वावर वर, खदान खाली: दगड कापणारं मशीन येणार, गावाने काय विचारायचं?

ऑगस्ट २०२२. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. घर होतं तिथे खोल खड्डा उरला. जीवितहानी झाली नाही, पण आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडून हलावं लागलं. या वस्तीखाली जुन्या काळातली भूमिगत कोळसा खदान आहे. कोळसा काढून कित्येक वर्षं झाली, खालची पोकळी मात्र तशीच होती.

हे आठवण्याचं कारण म्हणजे केंद्र सरकारने भूमिगत खदानींना पुन्हा जोर दिला आहे. २०३० पर्यंत देशात वर्षाला १० कोटी टन कोळसा जमिनीखालून काढायचं उद्दिष्ट आहे. हे काम टोपली-फावड्याने होणार नाही. दगड आणि कोळसा थेट कापणारी अवाढव्य मशीनं त्यासाठी उतरवली जात आहेत. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या कोळसा पट्ट्यातल्या गावांसमोर म्हणून नवा प्रश्न उभा राहतोय. उघडी खदान येणार म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण वावर वर राहणार आणि मशीन खाली चालणार, तेव्हा गावाचं काय होतं?

सरकार पुन्हा जमिनीखाली का वळलं?

१९७०च्या दशकात कोळसा खदानींचं राष्ट्रीयीकरण झालं, त्या वेळी देशातला बहुतांश कोळसा भूमिगत खदानींतून यायचा. पुढे मोठे डंपर आणि शॉव्हेल आले आणि उघड्या खदानी स्वस्त पडू लागल्या. २०२४-२५ मध्ये देशाने १०० कोटी टन कोळशाचा टप्पा ओलांडला. पण आज १०० टन कोळशात भूमिगत खदानींचा वाटा जेमतेम चार टनांच्या आसपास आहे.

उघड्या खदानीची किंमत गावं मोजतात. सगळी जमीन जाते, गाव उठतं, मातीचे डोंगर उभे राहतात, ब्लास्टिंगने भिंतींना तडे जातात, कपाशीच्या पानावर काळी धूळ बसते. शिवाय वरवरचा कोळसा संपत चालला आहे आणि उरलेला खोल आहे. तीनशे मीटर खोल थरासाठी वरची सगळी माती-दगड उकरणं परवडत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये कोळसा मंत्रालयाने भूमिगत खदानींसाठी सवलती जाहीर केल्या. लिलावात सरकारला द्यायच्या महसूल वाट्याची किमान टक्केवारी ४ वरून २ वर आणली. सुरुवातीला भरायची आगाऊ रक्कमही माफ केली. सरकार स्वतःचा हिस्सा कमी करतंय, तेव्हा येत्या काळात भूमिगत गटांसाठी कंपन्या पुढे येतील हे उघड आहे.

हे मशीन नेमकं करतं काय?

जुन्या पद्धतीत भूमिगत खदानीत कोळशाला ड्रिलने छिद्रं पाडतात, त्यात दारू भरतात आणि स्फोट करतात. मग धूर निघून जाईपर्यंत थांबायचं, छत तपासायचं, टेकू द्यायचा, कोळसा भरायचा आणि पुन्हा छिद्रं पाडायला लागायचं. एका पाळीतला बराच वेळ थांबण्यातच जातो. आणि स्फोटानंतर हललेल्या छताखाली सगळ्यात आधी माणूसच जातो.

कोळसा कापणारं मशीन हे सगळं टप्पे एकत्र करतं. त्याचं नाव कंटिन्युअस मायनर, म्हणजे न थांबता खणणारं. पुढे सुमारे तीन मीटर रुंदीचा आडवा ड्रम असतो आणि त्यावर टंगस्टन कार्बाइडचे कठीण दात बसवलेले असतात. ड्रम फिरत फिरत वरून खाली येतो आणि कोळसा खरवडून पाडतो. खालचे फिरते हात तो ओढून घेतात, मधली साखळी मागे नेते आणि मागे उभी असलेली शटल कार भरून निघते. एक पट्टा कापून झाला की मशीन बाजूला होतं आणि रूफ बोल्टर येतं. ते छतात भोकं पाडून लोखंडी सळया बसवतं, म्हणजे दगडाचे थर एकमेकांना शिवले जातात. चालवणारा माणूस रिमोट घेऊन मागे, टेकू दिलेल्या छताखाली उभा असतो.

भारतात असं पहिलं मशीन २००२ मध्ये छत्तीसगडच्या चिरमिरी भागातल्या अंजनहिल खदानीत चाललं. अमेरिकेत ते १९४०च्या दशकाच्या अखेरीसच बाजारात आलं होतं. आपल्याकडे पोहोचायला अर्धं शतक लागलं. आज एक मोठं मशीन आणि त्याच्यासोबतची साधनं वर्षाला साधारण चार ते पाच लाख टन कोळसा काढू शकतात.

दुसरं मशीन आहे रोडहेडर. लांब दांडा आणि टोकाला फिरणारं दातेरी डोकं, अशी त्याची रचना. हंगेरीच्या कोळसा खदानींत दुसऱ्या महायुद्धानंतर ते घडलं. कोळशापर्यंत जाणारा उतरता बोगदा, ज्याला खदानीत इन्क्लाइन म्हणतात, तो दगडातून कापायला हे कामी येतं. दांडा हवा तसा फिरतो, त्यामुळे बोगद्याला हवा तो आकार देता येतो.

तिसरं टीबीएम, म्हणजे बोगद्याच्या आकाराचं गोल मशीन. मुंबईच्या मेट्रो ३ साठी अशी १७ मशीनं जमिनीखाली उतरवली होती. कोळशासाठीही ते वापरून झालंय. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या ग्रॉव्हनर कोळसा खदानीत २०१३-१४ च्या सुमारास खाली जाणारे बोगदे टीबीएमने पाडले.

कोळसा कापतो, मग मॅंगनीज का नाही?

सावनेर-रामटेक किंवा तुमसरकडच्या माणसाला इथे प्रश्न पडेल. इतकी मशीनं आहेत, तर मॉयलच्या गुमगाव, मनसर किंवा चिखला खदानीत अजून ड्रिलिंग-ब्लास्टिंगच का चालतं?

उत्तर दगडाच्या कठीणपणात आहे. कोळसा मऊ असतो, दात फिरवला की ढासळतो. मॅंगनीजचा खनिज-दगड आणि त्याच्या भोवतीचा खडक फार कठीण. त्यावर दात घासला तर दगडाऐवजी दातच झिजतो, तापतो आणि तुटतो. दर काही तासांनी दात बदलायचे म्हटलं तर खर्च परवडत नाही.

कठीण दगडासाठी वेगळी युक्ती लागते. पाथरवट छिन्नी मारतो तेव्हा छिन्नीखालचा थोडासा दगड पीठ होतो, पण बाजूची मोठी कपची उडते. टीबीएमच्या तोंडावरच्या पोलादी चकत्या तेच करतात. चकती दगडावर प्रचंड जोराने दाबून फिरवतात. एकेका चकतीवर २० ते २५ टनांचा भार असतो. दोन चकत्यांच्या खाचांमधला दगड तडकून निघतो. ही युक्ती १९५०च्या दशकात अमेरिका-कॅनडातल्या बोगद्यांत यशस्वी झाली.

पण एवढा भार द्यायचा तर मशीनही तसंच जड आणि लांब हवं. शेकडो टनांचं ते धूड सरळ मेट्रोच्या बोगद्यात चालतं. खदानीतले रस्ते तसे नसतात. खनिजाची शीर जिकडे वळेल तिकडे वळावं लागतं, काटकोनात फाटे काढावे लागतात. टीबीएम काटकोनात वळत नाही. शिवाय त्याचा बोगदा गोल असतो आणि गाड्यांना सपाट तळ लागतो.

गेली चाळीस वर्षं जगभरचे इंजिनिअर याच अडचणीशी झुंजत आहेत. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या स्टिलवॉटर खदानीत १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून टीबीएम वापरलं गेलं. मेक्सिकोत फ्रेस्निलो कंपनीच्या चांदीच्या खदानीसाठी चौकोनी बोगदा कापणारं मशीन बनवलं. कोमात्सु, सँडविक, एपिरॉक या मोठ्या कंपन्या कठीण दगडासाठी आटोपशीर, वळणारी मशीनं तयार करून चाचण्या घेत आहेत. प्रगती आहे, पण कठीण दगडाच्या खदानीत आजही जगभर मुख्य काम स्फोटानेच होतं.

मशीनची मर्यादा देशाने टीव्हीवर पाहिली आहे. १२ नोव्हेंबर २०२३ ला उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले. ढिगाऱ्यातून पाइप ढकलण्यासाठी आणलेल्या ऑगर मशीनचं पातं आतल्या लोखंडात अडकून तुटलं. शेवटचे सुमारे १२ मीटर हाताने खणणाऱ्या कामगारांनी काढले आणि २८ नोव्हेंबरला सगळे बाहेर आले. समोर काय आहे ते आधी माहीत असेल तरच मशीनचा जोर कामी येतो. म्हणून खदान सुरू करण्याआधी किती बोअर मारले आणि खालचा दगड किती तपासला, हा कागदोपत्री प्रश्न नाही, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे.

गावाचा फायदा काय?

फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा. भूमिगत खदानीत वावर उकरलं जात नाही. मातीचे डोंगर होत नाहीत. मशीनने कापलं तर रोजचे हादरे जवळपास थांबतात, घरांना तडे जाण्याची तक्रार कमी होते. छताखाली उघड्यावर जाणारा माणूस कमी झाला की अपघातही कमी होतात. ज्या घरातला माणूस पाळीवर जातो, त्या घराला हे वेगळं सांगायला नको.

आत धूळ मात्र वाढते. मशीन कोळसा बारीक करतं, त्यामुळे दातांजवळ पाण्याचे फवारे आणि जोरदार हवा लागते. मिथेन वायू वाढला की मशीनची वीज आपोआप बंद व्हावी लागते. हे फवारे आणि यंत्रणा चालू आहेत की नाही, ते बाहेरून दिसत नाही. ते आतल्या कामगारालाच ठाऊक असतं.

पण पोकळी ती पोकळीच

इथेच गावाची खरी गोष्ट सुरू होते. मशीन कोळसा कसा कापतं ते बदललं. कोळसा काढल्यावर खाली जागा रिकामी होते, ते बदललेलं नाही.

आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खदानींत आधी आडवे-उभे रस्ते काढतात आणि मधे कोळशाचे चौकोनी खांब ठेवतात. या टप्प्यात साधारण पाव ते एक तृतीयांश कोळसाच निघतो. खांब उभे आहेत तोवर वरची जमीनही उभी असते. दुसऱ्या टप्प्यात मागे येत येत ते खांबही कापतात. याला डिपिलरिंग म्हणतात. मग छत खाली बसतं आणि खोली कमी असेल तर त्याचा परिणाम वर वावरापर्यंत येतो. जमीन खचते, भेगा पडतात, बांध तुटतो, शेतात पाणी साचतं. लाँगवॉल पद्धतीत तर खांब ठेवतच नाहीत. पूर्ण पट्टा एका दमात निघतो आणि मागचं छत पाडलं जातं.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. खाली जेवढा पट्टा रिकामा झाला, वर त्यापेक्षा रुंद भाग खचतो. मशीन शेजाऱ्याच्या वावराखाली चाललं तरी भेग आपल्या वावरात येऊ शकते.

यावर उपाय आहेत. पोकळीत वाळू किंवा राख भरता येते. वस्ती, नाला, रस्ता यांच्याखाली खांब कायमचे ठेवता येतात. डिपिलरिंगसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते. पण भरण्याला खर्च येतो आणि ठेवलेला खांब म्हणजे न विकलेला कोळसा. हिशेब इथेच अडतो.

मशीनमुळे वेगही वाढतो. जुन्या पद्धतीत जो पट्टा रिकामा व्हायला वर्षानुवर्षं लागायची, तो आता लवकर रिकामा होतो. भरणं मागे पडलं तर पोकळीही तेवढ्याच वेगाने वाढते.

विहिरीचं पाणी

दुसरी चिंता पाण्याची. वर्धा खोऱ्यात आणि कामठी कोळसा पट्ट्यात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे. हा दगड पाणी धरून ठेवतो, कित्येक गावांच्या विहिरी आणि बोअर त्यावरच चालतात. खदानीत काम करायचं तर आत येणारं पाणी सतत उपसावं लागतं. पाणी किती असतं याचा अंदाज यावरून येईल: सावनेर तालुक्यातल्या पाटणसावंगी खदानीतून उपसलेलं पाणी शुद्ध करून वेकोलि ते ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरते. उपसलेलं पाणी गावाला मिळालं तर चांगलंच. पण छत खचून वरच्या थराला भेग पडली, तर विहिरीचं पाणी कुठे गेलं याचा शोध लावणं कठीण होतं.

म्हणूनच नागपूर जिल्ह्यातल्या गोंडखैरी भूमिगत कोळसा गटाच्या जनसुनावणीत जुलै २०२३ मध्ये गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला. जमीन वरून जाणार नाही हे त्यांना सांगितलं गेलं होतं. त्यांची भीती विहिरींची आणि बागांची होती.

नोकरी आणि सातबारा

उघड्या खदानीत जमीन गेली तर कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात २ एकरांमागे एक नोकरी हे सूत्र आहे. भूमिगत खदानीत चित्र वेगळं असतं. १९५७च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली सरकारी कंपनीला पूर्ण जमीन न घेता फक्त खाणकामाचे हक्क घेता येतात. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो. ऐकायला चांगलं वाटतं. पण जमीनच घेतली नाही, तर जमिनीमागची नोकरी कुठून येणार? तोंडाची जागा, कोळसा साठवण्याचं यार्ड आणि रस्ता एवढ्यापुरतीच जमीन जाते, आणि नोकरीचा दावाही तेवढ्यांपुरताच उरतो.

मशीनवर माणसंही कमी लागतात. जिथे भरणाऱ्यांची फौज लागायची, तिथे आता प्रत्येक पाळीला मोजके प्रशिक्षित ऑपरेटर, फिटर आणि इलेक्ट्रिशियन लागतात. गावातल्या आयटीआय झालेल्या पोराला यात संधी आहे, पण प्रशिक्षणाची सोय खदान सुरू होण्याआधी झाली तरच. नाहीतर ऑपरेटर बाहेरून येतील आणि गावाच्या वाट्याला गेटवरची वॉचमनची कामं उरतील.

जनसुनावणीला जाताना

नव्या खदानीसाठी पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी होते. २००६च्या अधिसूचनेनुसार तिची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. तो ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला ठेवतात. तिथे बोललेला शब्द इतिवृत्तात नोंदवला जातो. म्हणून “आम्हाला खदान नको” किंवा “आम्हाला नोकरी पाहिजे” एवढ्यावर न थांबता हे प्रश्न नोंदवून घेणं गावाच्या फायद्याचं ठरतं:

१. कोळसा कोणत्या मशीनने आणि कोणत्या पद्धतीने काढणार? खांब कायम ठेवणार की शेवटी काढणार?

२. खांब काढणार असाल तर पोकळी कशाने भरणार? ती वाळू किंवा राख कुठून आणणार?

३. कोणत्या गट नंबरखाली जमीन किती खचेल? खचण्याची हद्द दाखवणारा नकाशा ग्रामपंचायतीत कधी लावणार?

४. आज गावातल्या प्रत्येक विहिरीची पाणीपातळी किती आहे? ती खदान सुरू होण्याआधी मोजून, शेतकऱ्याच्या सहीसह नोंदवणार का?

५. वावरात भेग पडली किंवा विहीर आटली तर भरपाई कोण, किती दिवसांत आणि कोणत्या दराने देणार?

६. खदान बंद झाल्यावर जबाबदारी कोणाची? बंद करण्याच्या आराखड्यासाठी वेगळ्या खात्यात दरवर्षी पैसे ठेवणं बंधनकारक आहे. ते किती जमा झाले?

यातला चौथा प्रश्न सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा. विहीर आटल्यावर ती आधी किती भरलेली असायची हे सिद्ध करायला शेतकऱ्याकडे कागद नसतो. दोरी आणि दगड घेऊन दर महिन्याला पातळी मोजायची, तारखेसह फोटो काढायचा, ग्रामसभेत नोंद करायची. खर्च शून्य, पण उद्या हाच कागद बोलेल.

खनिजाच्या रॉयल्टीसोबत जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो. १२ जानेवारी २०१५ आधीच्या पट्ट्यांसाठी तो रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांसाठी १० टक्के असतो. पाणी आणि आरोग्यावर तो खर्च व्हायला हवा. गावातल्या पोरांना मशीन ऑपरेटर करण्याचं प्रशिक्षणही त्यातून मागता येतं.

दगड कापणारं मशीन वाईट नाही. ते खदानीतल्या माणसाचा जीव वाचवतं आणि वावर उकरलं जाण्यापासून वाचवतं. पण त्याने केलेली पोकळी मशीन निघून गेल्यावरही मागे राहते. अमराई वॉर्डातल्या वस्तीखाली जुनी खदान पडली होती आणि वर लोक राहत होते. नव्या खदानीखाली काय आणि किती उरणार, हे विचारायची वेळ मशीन खाली उतरायच्या आधीची आहे.